संभाषणाच्या तासाचं टाचण पाठवण्याआधी

अमराठी मुलांना मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी

२०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली. वाचन-लेखनाची टाचणं, म्हणजे तासाचे लेखी आराखडे, शिक्षक सहज काढतात. अडतं ते बोलण्याच्या तासाला. शिक्षकांसाठीच्या आमच्या कार्यशाळेआधी आम्ही प्रत्येकाकडून एक टाचण मागवतो, आणि त्यातली एकच ओळ आम्हाला पुन्हा पुन्हा परत पाठवावी लागते : ‘विद्यार्थी जोडीने संवाद सादर करतील.’

पाठ केलेला संवाद म्हणजे मोठ्याने केलेलं वाचन. पुढचं वाक्य दोघांनाही ठाऊक, मग समोरच्याचं ऐकायचं कशाला? शिवाय हिशेब करून पाहा. तासिका ३५ मिनिटांची, पट ४०. एकेकाला उभं केलंत तर कुणाच्याच वाट्याला पुरतं मिनिटसुद्धा येत नाही. वीस जोड्या एकदम बोलू लागल्या की गोंगाट होणारच. तो होऊ द्या, शेजारच्या वर्गाला मात्र आधी सांगून ठेवा.

टाचणात आम्ही दोनच गोष्टी शोधतो. दोघांकडे वेगवेगळी माहिती आहे का, आणि शेवटी काही निकाल लागतो का?

भाजीबाजाराचा तास घ्या. विक्रेत्याच्या कागदावर भाव : भेंडी ८० रुपये किलो, कांदे ४०, गाजरं ६०, आलं १०० ग्रॅमला २०. खाली फक्त त्याच्यासाठी सूचना : भेंडी ७० पर्यंत, कांदे ३५ पर्यंत उतरवता येतील. गिऱ्हाइकाच्या कागदावर यादी : अर्धा किलो भेंडी, किलोभर कांदे, पाव किलो गाजरं, १०० ग्रॅम आलं. खिशात १०० रुपये. बेरीज ११५ होते. भाव करूनही १०५ च्या खाली येत नाही, म्हणजे काय कमी घ्यायचं हे बोलूनच ठरवावं लागतं. एकमेकांचा कागद बघू द्यायचा नाही. बघितला की तास तिथेच संपला.

या तासाला लागणारी भाषा थोडी आणि नेमकी : भेंडी कशी दिली, कांदे कसे दिले, आलं कसं दिलं. तिन्ही लिंगं इथेच येतात, वेगळा व्याकरणाचा तास लागत नाही. यावर सात-आठ मिनिटं पुरेत. मग दोन मिनिटं मुलांनी कागद शांतपणे वाचायचा (ही दोन मिनिटं गाळली की पहिली जोडी लगेच हिंदीवर जाते), एका मुलासोबत तुम्ही नमुना करून दाखवायचा, आणि किमान १२ मिनिटं कामाला. सहा मिनिटांनी भूमिका आणि जोडीदार दोन्ही बदला. दुसऱ्या फेरीतलं बोलणं जास्त मोकळं होतं. ‘परत सांगा’, ‘याला मराठीत काय म्हणतात?’ ही वाक्यं तोवर फळ्यावर राहू द्या.

बोलत असताना चुका सुधारू नका. वहीत टिपून ठेवा. ‘मी भेंडी घेतलो’, ‘मला कांदे पाहिजे’ अशी चार-पाच वाक्यं शेवटी नाव न घेता फळ्यावर लिहा आणि मुलांनाच दुरुस्त करू द्या.

‘तयार टाचणं का देत नाही?’ असं बरेच जण विचारतात. देता आली असती. पण तुमच्या वर्गात गुजराती मुलं जास्त आहेत की तमिळ, पट २० आहे की ६०, यावर कागद बदलतात. दुसऱ्याचं टाचण घेऊन वर्गात गेलं की पहिल्याच अडचणीला काय बदलायचं ते सुचत नाही. म्हणून दोन दिवसांच्या कार्यशाळेत तुमचंच टाचण आम्ही दोनदा तपासतो, त्यावर तुम्ही १५ मिनिटांचा पाठ घेता, आणि दोन्ही भूमिकांचे कागद छापायला तयार होऊनच घरी जाता. पुढच्या सत्रात एखादा तास फसला तर ते टाचण पुन्हा पाठवा. त्याचं वेगळं शुल्क नाही.

टाचण आठ दिवस आधी हवं. सोबत पट, इयत्ता, मुलांच्या घरच्या भाषा आणि दोन्ही भूमिकांचे कागद जोडा. नुसतं टाचण आलं तर ते तपासायला घेता येत नाही.