बुरशी डोंगर चढते तेव्हा

मायकोरायझा हा शब्द आपल्याकडच्या शेतकऱ्याला कृषी सेवा केंद्रातल्या पुड्यावरून ठाऊक असतो. मुळाशी जोडलेली बुरशी जमिनीतला स्फुरद आणून देते आणि झाडाकडून साखर घेते, ही त्याची ओळख. तो शब्द जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी 1885मध्ये घडवला. तेव्हाच्या जर्मनीतल्या प्रशिया राज्यात ट्रफल ही जमिनीखालची महागडी अळिंबी पिकवता येईल का, हे पाहण्याचे काम सरकारने त्यांना दिले होते. ट्रफल बाजूला राहिली. जंगली झाडांची मुळे बुरशीने वेढलेली असूनही झाडे धडधाकट आहेत, हे त्यांच्या नजरेत भरले.

ही बुरशी डोंगराच्या उंचीनुसार बदलते, हे कळायला मात्र वेळ लागला. उंचीनुसार झाडोरा बदलतो, हे जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्ट यांनी 1802मध्ये दक्षिण अमेरिकेतला चिंबोराझो पर्वत चढून, पुढे 1807च्या प्रसिद्ध चित्रात पट्टे आखून दाखवले होतेच. पण ते पट्टे जमिनीवरचे. मुळांकडे पाहायला भाग पाडले ते आल्प्समधल्या कोसळणाऱ्या हिमकड्यांनी. 1951 आणि 1954च्या हिवाळ्यांत ऑस्ट्रियात गावेच्या गावे बर्फाखाली गेली. वरच्या उतारांवर पुन्हा जंगल उभे करायचे, तर रोपे तिथे तगायला हवीत. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात बुरशीतज्ज्ञ माइनहार्ड मोझर यांनी डोंगरी पाइनच्या रोपांना, त्या झाडाशी जमणारी, थंडीतही वाढणारी बुरशी रोपवाटिकेतच लावण्याचे काम हाती घेतले. मला या इतिहासातला हा टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो.

उंचीवर नेमके बदलते काय? थंडीमुळे पालापाचोळा लवकर कुजत नाही. नत्र जमिनीत असतो, पण न कुजलेल्या सेंद्रिय पदार्थात अडकून पडलेला. शेतातल्या पिकांची नेहमीची बुरशी तो फारसा सोडवू शकत नाही. पाइन, ओकच्या मुळांभोवती आवरण करणाऱ्या बुरशीला ते थोडे जमते. हिमालयातल्या बुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) या झाडाच्या कुळातली झुडपे ज्या बुरशीशी जोडी जमवतात, तिला सगळ्यांत चांगले. खालून वर जाताना जोडीदार असे बदलत जातात, अशी मांडणी इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठाच्या डेव्हिड रीड यांनी 1991मध्ये केली. त्याआधी, 1981मध्ये, त्यांनी आणि त्यांचे सहकारी हाजेलवांड्टर यांनी आल्प्समध्ये पाहिले होते, की अगदी वर नेहमीची बुरशी विरळ होते आणि मुळांत काळसर धाग्यांची वेगळीच बुरशी दिसू लागते. 2008मध्ये अँडीज आणि रॉकी पर्वतांत 4,270 मीटरच्या वरच्या वनस्पतींच्या मुळांची तपासणी प्रसिद्ध झाली. तिथेही ही काळी बुरशी होतीच.

डीएनए तपासणी आल्यावर हे चित्र गुंतागुंतीचे झाले. उत्तर इराणच्या जंगलांत झाडांच्या मुळांवरच्या बुरशींचे प्रकार उंचीसोबत घटत गेलेले आढळले, तर जपानच्या फुजी पर्वतावर ते मधल्या उंचीवर सर्वाधिक निघाले.