फ्युनिक्युलर आणि केबल कार: दोर बांधलेला की पकडलेला?

चढाच्या रस्त्यावरून रुळांवर वर सरकणारी आणि दोराच्या बळावर चालणारी कोणतीही छोटी गाडी दिसली की तिला ‘केबल कार’ म्हणून मोकळे व्हायचे, ही सवय प्रवासवर्णनांत, चित्रफितींच्या मथळ्यांत आणि बातम्यांतही इतकी रुजली आहे की लिस्बनची ग्लोरिया, बुडापेस्टची शिक्लो आणि सॅन फ्रान्सिस्कोची पॉवेल-हाइड ही सारी एकाच जातीची वाहने आहेत असा वाचकाचा समज झाला, तर त्याला दोष देता येणार नाही. त्यांतल्या पहिल्या दोन फ्युनिक्युलर आहेत आणि तिसरी केबल कार आहे. या दोन वाहनांमध्ये रूळ, दोर आणि चढ एवढेच समान असून त्यांचे चालणे मुळातून वेगळे आहे. हवेत तारेला टांगलेल्या पाळण्यांनाही अनेक जण केबल कार म्हणतात. त्यांना इथे रोपवे म्हणू आणि सध्या बाजूला ठेवू.

सॅन फ्रान्सिस्कोची केबल कार बहुतेकांना छायाचित्रांतून परिचयाची आहे, त्यामुळे तिच्याविषयी थोडक्यात सांगतो. पोलादी दोर बनवण्याचा व्यवसाय करणाऱ्या अँड्र्यू हॅलिडी यांनी १८७३ साली क्ले स्ट्रीटच्या चढावर ती प्रथम चालवली, आणि आज त्या शहरात तिचे तीन मार्ग शिल्लक आहेत. रस्त्याखालच्या पोकळीतून पोलादी दोराचे अखंड वेटोळे ताशी सुमारे १५ किलोमीटर या एकाच वेगाने फिरत राहते, ते फिरवणारी यंत्रे वॉशिंग्टन आणि मेसन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या एका इमारतीत आहेत, आणि दोन रुळांच्या मधल्या खाचेतून खाली गेलेल्या पकडीने गाडी तो दोर धरते.

फ्युनिक्युलरमध्ये दोराला दोन टोके असतात आणि त्या दोन टोकांना दोन डबे कायमचे जोडलेले असतात. चढाच्या माथ्यावरच्या स्थानकात एका मोठ्या चाकावरून हा दोर वळसा घेतो. विहिरीच्या कप्पीवरून टाकलेल्या दोराच्या दोन टोकांना दोन घागरी बांधाव्यात, तशी ही रचना आहे: एक डबा वर येतो तेव्हा दुसरा खाली जातोच, आणि दोघांची वजने एकमेकांना तोलून धरतात. मोटारीला पूर्ण डबा उचलावा लागत नाही. तिच्या वाट्याला फक्त दोन डब्यांतल्या प्रवाशांच्या वजनातला फरक आणि घर्षण एवढेच येते.

‘दोन्ही गाड्यांना दोरच ओढतो, मग फरक तो कसला?’ हा प्रश्न इथेच विचारला जातो, आणि साऱ्या गोंधळाचे मूळही त्यातच आहे. दोर ओढतो की नाही हा मुद्दा नसून गाडीला दोर सोडता येतो की नाही, हा मुद्दा आहे. केबल कारला तो सोडता येतो. तिथे दोर कधी थांबत नाही. गाडी थांबवायची असेल तर ग्रिपमन, म्हणजे पकड चालवणारा कर्मचारी, आपला दांडा सैल करतो, दोर पकडीतून निसटून पुढे धावत राहतो, आणि मग ब्रेक लावून गाडी उभी केली जाते. फ्युनिक्युलरमध्ये दोर सोडण्याची सोयच नाही. तिथे दोर थांबला म्हणजे डबा थांबतो, आणि एक डबा थांबला म्हणजे मार्गाच्या दुसऱ्या टोकाला असलेला त्याचा जोडीदारही त्याच क्षणी थांबतो.

बाकीचे बहुतेक फरक या एका गोष्टीतून आपोआप निघतात, म्हणून ते वेगळे पाठ करण्याची गरज नाही. केबल कारच्या एकाच वेटोळ्यावर कितीही गाड्या धावू शकतात, कारण प्रत्येक गाडी आपल्या सोयीने दोर धरते आणि सोडते. फ्युनिक्युलरच्या दोराला टोके दोन, म्हणून डबेही दोन. केबल कारला कोणत्याही चौकात थांबता येते. फ्युनिक्युलरला मधले थांबे द्यायचे असतील, तर ते मध्यबिंदूपासून दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर आखावे लागतात, नाहीतर एक डबा फलाटाला लागलेला असताना दुसरा भलत्याच ठिकाणी उभा राहील. न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनमध्ये ही आखणी नीट पाहता येते: एक डबा क्लिफ्टन या थांब्यावर असतो तेव्हा दुसरा सालामांकावर असतो, आणि दोघे एकमेकांना ओलांडतात ती जागा बरोबर मध्यावरच्या तालावेरापाशी आहे.

दोन डबे नेहमी मध्यावरच भेटणार हे ठरलेले असल्यामुळे फ्युनिक्युलरला सबंध मार्गभर दोन वेगळ्या वाटा लागत नाहीत; मध्यभागी तेवढी एक बगल, म्हणजे वाट थोडा वेळ दुभंगून पुन्हा एक होते अशी जागा, पुरते. त्या बगलेत सांधे बदलणारा कोणी नसतो आणि हलणारे सांधेही नसतात. स्विस अभियंता कार्ल रोमन आब्ट याच्या नावाने ओळखली जाणारी ही युक्ती १८७९ साली स्वित्झर्लंडमधल्या गीसबाख इथे प्रथम वापरली गेली. प्रचलित मांडणीत डब्याच्या एका बाजूच्या चाकांना दोन्हीकडून कडा असतात, त्यामुळे ती रुळाला घट्ट धरून चालतात, तर दुसऱ्या बाजूची चाके रुंद आणि सपाट असतात, म्हणून ती रुळातल्या फटीवरून आणि दोरावरून अलगद निघून जातात. एका डब्याची कडांची चाके डावीकडे आणि दुसऱ्याची उजवीकडे बसवली की पहिला डबा कायम डाव्या वाटेने आणि दुसरा कायम उजव्या वाटेने जातो. एवढी निर्दोष रचना दर फेरीला डोळ्यांसमोर घडत असताना बहुतेक प्रवासी मागच्या देखाव्याची छायाचित्रे काढण्यात गुंतलेले असतात, याचे मला खरोखर वाईट वाटते.

वजन तोलण्याचे तत्त्व किती दूरवर नेता येते, हे स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबूर शहरात दिसते. १८९९ सालापासून तिथली फ्युनिक्युलर सांडपाण्यावर चालते. वरच्या स्थानकात डब्याखालच्या टाकीत शहराच्या वरच्या भागातले सांडपाणी भरले जाते, त्या वजनाने डबा खाली येतो आणि खालच्या डब्याला वर खेचतो. खाली पोहोचल्यावर टाकी रिकामी केली जाते. मोटारीची गरजच नाही. हे केवळ बांधलेल्या दोरावरच शक्य आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो योग्य आहे. सॅन फ्रान्सिस्कोतही उतारावरून येणारी गाडी दोर धरूनच उतरते, तिचे वजन दोराला पुढे ढकलते आणि चढणाऱ्या गाड्यांचा भार तेवढा हलका होतो. मग हेही तोलणेच नव्हे का? तोलणे आहे, पण ते त्या क्षणी किती गाड्या चढत आहेत आणि किती उतरत आहेत यावर अवलंबून आहे. उतारावर एकही गाडी नसली तरी चढणारी गाडी चढतेच, कारण सारा भार घेण्याइतकी ताकद यंत्रघराकडे असते. फ्युनिक्युलरमध्ये मात्र समोरचा डबा हा त्या यंत्राचाच एक भाग असतो.

ही बाब किती गंभीर असू शकते ते ३ सप्टेंबर २०२५ रोजी लिस्बनमध्ये दिसले. ग्लोरिया फ्युनिक्युलरचा दोर वरच्या डब्याला जिथे जोडलेला होता तिथून सुटला, तो डबा उतारावरून वेगाने खाली आला, वळणावर रुळांवरून घसरून इमारतीवर आदळला आणि १६ माणसे मृत्युमुखी पडली. दुसऱ्या डब्याचा तोल नाहीसा झाल्यावर चालत्या डब्याला केवळ त्याच्या ब्रेकांनी रोखता आले नाही. त्या दिवशीच्या बातम्यांमध्ये ग्लोरियाला कधी ट्राम तर कधी केबल कार म्हटले गेले, आणि त्यामुळे अपघात समजून घेणेच अवघड झाले. केबल कारसाठी दोर सुटणे ही रोजची, दर थांब्यावरची क्रिया आहे. म्हणून तिच्यात चाकांचे ब्रेक, रुळांवर दाबले जाणारे लाकडी ठोकळ्यांचे ब्रेक आणि आणीबाणीत रस्त्यातल्या खाचेत घुसून बसणारी पोलादी पाचर अशी व्यवस्था असते. ज्या वाहनाचे सारे गणित दुसऱ्या डब्याच्या वजनावर बेतलेले आहे, त्याला ट्राम म्हटले की वाचक चुकीच्या ठिकाणी कारण शोधू लागतो.

बाह्य रूपावरून ओळखायला गेल्यास हमखास फसगत होते. रस्त्यात रुळांच्या मधोमध खाच दिसली म्हणजे केबल कार, असे सांगणारे भेटतात. पण लिस्बनच्या फ्युनिक्युलर रहदारीच्या रस्त्यावर असल्यामुळे त्यांचाही दोर खाचेखालूनच जातो. वर विजेची तार दिसली म्हणजे ट्राम, हा दुसरा ठोकताळा. ग्लोरियाच्या डब्यांना मोटारी होत्या आणि त्यांना वीज वरच्या तारेतूनच मिळत असे. पायऱ्यांसारखा उतरता डबा हे फ्युनिक्युलरचे लक्षण खरे, पण सर्वच फ्युनिक्युलर तशा नसतात. आणि चढ असेल तरच केबल कार, ही समजूत इतिहासाला धरून नाही: शिकागोसारख्या सपाट शहरात १८८२ पासून केबल कार धावत होत्या आणि मेलबर्नमध्ये १८८५ ते १९४० या काळात त्यांचे मोठे जाळे होते. विजेची ट्राम आल्यावर सपाटीवरची ही जाळी टिकली नाहीत. केबल कार वळणे घेते, सपाटीवर चालते, चौक ओलांडते. चढाशिवाय निरर्थक ठरते ती फ्युनिक्युलर.

नावांवर तर मुळीच विसंबू नये. वर उल्लेख केलेल्या वेलिंग्टनच्या गाडीचे अधिकृत नाव केबल कार आहे. १९०२ साली ती सुरू झाली तेव्हा तिच्यात दोन्ही पद्धतींचे मिश्रण होते, डब्यांना तोलणारा एक दोर आणि पकडीने धरायचा दुसरा फिरता दोर. १९७९ पासून मात्र ती निखळ फ्युनिक्युलर आहे. पॅरिसमध्ये उलट प्रकार आहे. मोंमार्त्रच्या गाडीला आजही फ्युनिक्युलर म्हणतात, परंतु १९९१ च्या पुनर्बांधणीनंतर तिचे दोन डबे एकमेकांपासून स्वतंत्र चालतात, म्हणजे यंत्राच्या दृष्टीने त्या दोन तिरक्या लिफ्ट आहेत. एक डबा दुरुस्तीसाठी बंद असताना दुसरा चालू राहू शकतो, आणि तेवढ्यावरून ती खरी फ्युनिक्युलर नाही हे कळते. पाहुण्याने करायची परीक्षाही हीच: एक डबा निघाला की दुसरा निघतो का आणि थांबला की थांबतो का, एवढे पाहावे.

चालवणाऱ्यांच्या बाबतीतली एक चूक मला विशेष खटकते. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रिपमनला आणि फ्युनिक्युलरच्या डब्यातल्या सेवकाला सरसकट ‘ड्रायव्हर’ म्हटले जाते. ग्रिपमनचे काम अंगमेहनतीचे आणि अतिशय कौशल्याचे आहे. दोर एकदम आवळला तर गाडीला हिसका बसतो, म्हणून आधी तो पकडीतून घसरू देत गाडीला हळूहळू वेग द्यावा लागतो. जिथे एक दोर दुसऱ्याला छेदतो तिथे खालच्या दोरावरच्या गाडीला दोर पूर्ण सोडून अंगच्या वेगावर चौक पार करावा लागतो आणि पलीकडे तो पुन्हा उचलावा लागतो. याउलट बहुतेक फ्युनिक्युलरचे नियंत्रण वरच्या स्थानकातून होते आणि अनेक ठिकाणी डब्यात कोणी कर्मचारीही नसतो.

कोणते वाहन अधिक आनंददायक, याविषयी माझे मत पक्के आहे. केबल कारची खरी गंमत ग्रिपमनशेजारच्या उघड्या बाकावर आहे, जिथून त्याचे हात, दांडा आणि घंटेची दोरी दिसते. बंद भागात बसून त्या प्रवासातला निम्माच भाग पदरी पडतो. फ्युनिक्युलरमध्ये वर जाताना सर्वांत खालच्या खिडकीशी उभे राहावे. शहर पायाखालून मागे सरकताना दिसते आणि दुसरा डबा बगलेतून बाजूने जाताना पूर्ण पाहता येतो. दोन्हींतून एकच निवडायची झाल्यास मी फ्युनिक्युलर निवडतो. क्रोएशियातल्या झाग्रेबची १८९० सालची फ्युनिक्युलर फक्त ६६ मीटर लांबीची आहे आणि तिचा प्रवास मिनिटभरात संपतो, पण वरचे आणि खालचे शहर जोडण्याचे काम इतक्या कमी शक्तीत करणारे दुसरे वाहन मला माहीत नाही.

आता बाजूला ठेवलेल्या रोपवेकडे. बोलिव्हियातल्या ला पाझमध्ये २०१४ पासून आणि कोलंबियातल्या मेदेयीनमध्ये २००४ पासून नागरी वाहतुकीसाठी चालणाऱ्या रोपवेंचे पाळणे स्थानकात शिरताना फिरत्या दोरावरून सुटतात, संथ होतात, प्रवाशांना चढू-उतरू देतात आणि बाहेर पडताना पुन्हा दोर पकडतात. रिओमधल्या शुगरलोफ डोंगराच्या १९१२ पासूनच्या रोपवेत मात्र प्रत्येक टप्प्यावर दोनच मोठे डबे आहेत आणि एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो. म्हणजे ला पाझचा पाळणा हा केबल कारचा भाऊबंद आहे आणि शुगरलोफचा डबा फ्युनिक्युलरचा. दोरावर चालणाऱ्या वाहनांची पहिली वाटणी हवेतली आणि रुळांवरची अशी करणारे वर्गीकरण मला म्हणूनच मान्य नाही.