भाजल्यावर टूथपेस्ट? आधी नळ सोडा

हॉटेलच्या भटारखान्यात वर्षानुवर्षं चालत आलेला समज: हात भाजला की टूथपेस्ट, हळद किंवा बर्फ लावायचा आणि पुन्हा भट्टीवर उभं राहायचं. पेस्टने गार वाटतं, पण आतली उष्णता निघत नाही. वर डॉक्टरला ती जखमेवरून खरवडावी लागते. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात आणि भाजलेली कातडी आणखी मरते.

कढईतलं तेल साधारण 180 अंशांवर असतं. ते उडालं की कडं, अंगठी, घड्याळ लगेच काढा. सूज आली की निघत नाहीत. मग वाहत्या पाण्याखाली पूर्ण 20 मिनिटं. गडबड इथेच होते: गर्दीची वेळ, मोरीत भांड्यांचा ढीग, वस्तादची हाक, आणि दोन मिनिटांत हात बाहेर. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणीच कढत येतं, तेव्हा पिण्याच्या जारचं वापरा. उशीर झाला तरी भाजल्यापासून तीन तासांपर्यंत पाण्याचा उपयोग होतो.

चिकटलेलं कापड ओढू नका, फोड फोडू नका. जखमेवर क्लिंग फिल्म (अन्न झाकायचं पातळ पारदर्शक प्लास्टिक) नुसती ठेवा, आवळून गुंडाळू नका. तळहातापेक्षा मोठी किंवा चेहरा, बोटं, सांध्यावरची जखम असेल तर थेट दवाखाना.

आणि हो, गरम पातेलं ओल्या फडक्याने धरू नका. त्यातल्या पाण्याची वाफ होऊन हात पोळतो.