डीपीची पार्श्वभूमी: बुडापेस्ट ते विहिरीचा काठ

गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आले की ‘डीपी जळाली’ हे गावोगावी ऐकू येऊ लागतं. सरकारी कागदावर ते रोहित्र, दुकानात ट्रान्सफॉर्मर. अभियंत्यांच्या भाषेत डीपी म्हणजे ती पेटी पेलणारा दोन खांबांचा सांगाडा. गावात मात्र सांगाडा, पेटी, फ्यूज या सगळ्या प्रकरणालाच डीपी म्हणतात. ती का जळते हे समजून घ्यायचं, तर आधी ती मुळात कशासाठी लागली ते पाहावं लागतं.

29 ऑगस्ट 1831 रोजी लंडनमध्ये मायकेल फॅरेडेने लोखंडी कड्याच्या दोन बाजूंना तारेची दोन वेगळी वेटोळी गुंडाळली. एकाला बॅटरी जोडली की दुसऱ्याला लावलेली चुंबकसूची हलायची. बॅटरी काढली की पुन्हा हलायची. मधल्या वेळात, प्रवाह एकसारखा वाहत असताना, ती ढिम्म. दोन्ही तारांचा एकमेकींशी संबंध नाही, तरी वीज पलीकडे पोचते, आणि तीही चुंबकत्व बदलत असेल तेव्हाच. पुढचं सारं या एका निरीक्षणावर उभं आहे.

पण त्याला धंद्याचं रूप यायला पन्नास वर्षं गेली. 1882 मध्ये एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केलं, ते 110 व्होल्टच्या एकदिश प्रवाहाचं. एवढ्या कमी दाबाची वीज दीड-दोन किलोमीटरपलीकडे नेली की तारेतच तिची उष्णता होऊन जायची. दाब वाढवला तर प्रवाह कमी लागतो आणि तारेतला नाश प्रवाहाच्या वर्गाने घटतो. मात्र एकदिश प्रवाहाचं चुंबकत्व बदलत नाही, म्हणून दाब चढवायला-उतरवायला फॅरेडेचं कडं त्याच्या उपयोगाचं नव्हतं. उलटसुलट धावणारा प्रवाहच हवा होता.

गोलार्ड आणि गिब्ज या जोडीने असा प्रवाह वापरून 1884 मध्ये इटलीतल्या तुरीनच्या प्रदर्शनात दूरवर दिवे लावून दाखवले. पण त्यांची दाब बदलणारी उपकरणं एकाच तारेत माळेसारखी, एकामागून एक ओवलेली होती. एकाने दिवे मालवले की दुसऱ्याकडचा दाब बदलायचा. शेजाऱ्याच्या मर्जीवर आपला उजेड! 1885 मध्ये बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातल्या झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या तिघांनी ही भानगड निस्तरली. लोखंडाचा गाभा त्यांनी अखंड, बंद केला आणि उपकरणं समांतर जोडली, म्हणजे प्रत्येकाला आपला दाब स्वतंत्र. ‘ट्रान्सफॉर्मर’ हे नावही ब्लाथीचंच. पुढच्याच वर्षी अमेरिकेत विल्यम स्टॅनलीने ग्रेट बॅरिंग्टन गावातली दुकानं याच पद्धतीने उजळली, आणि 1891 मध्ये जर्मनीत लाउफेनहून फ्रँकफर्टपर्यंत 175 किलोमीटर तीन फेजची वीज गेली.

आपल्याकडे हा प्रकार मोठ्या मापात आला तो खोपोलीत. 1915 मध्ये टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाटावरून सुमारे 500 मीटर खाली आणायचं, वीज करायची, तिचा दाब सुमारे एक लाख व्होल्टपर्यंत चढवायचा आणि परळला उतरवून गिरण्यांना द्यायची. मुंबईच्या गिरण्या मावळच्या पावसावर चालल्या, त्या या चढ-उतारामुळे.

गावच्या डीपीत याच साखळीचं शेवटचं टोक असतं. वरच्या तारांतून 11 हजार व्होल्ट येतात, खाली 433 निघतात. 100 केव्हीएची (केव्हीए हे डीपीच्या क्षमतेचं माप) डीपी पूर्ण भारावर असेल, तर वर प्रत्येक तारेत सव्वापाच अँपिअर आणि खाली सुमारे 133. म्हणजे सारख्याच तारेत, सारख्याच अंतरावर खालच्या बाजूचा नाश साडेसहाशे पट. लघुदाबाची तार शिवारातून किलोमीटरभर फिरवली की शेवटच्या विहिरीवरची मोटार कण्हत का फिरते, ते या आकड्यांतच आहे.

आतला गाभा पातळ पोलादी पत्र्यांच्या चवडीचा असतो. सलग ठोकळा घेतला तर त्यातच प्रवाहाचे भोवरे फिरून तो तापेल. डीपीखाली उभं राहिल्यावर ‘घूंऽऽ’ ऐकू येतं ते या पत्र्यांचं, चुंबकत्वामुळे सेकंदाला शंभर वेळा किंचित लांबणं-आखडणं. वेटोळी तेलात बुडवलेली असतात. तेल उष्णता बाहेर नेतं आणि विजेला अडवतंही. बाजूला लटकणाऱ्या काचेच्या भांड्यातले निळे खडे आत जाणाऱ्या हवेतली ओल शोषतात. ते गुलाबी झाले की बदलायचे. बदललेले मी फार कमी वेळा पाहिले.

आता जळण्याचं. आमच्या शिवारातल्या डीपीवर कागदोपत्री जेवढ्या मोटारी, त्याहून आकड्यावरच्या वेगळ्या. रात्रपाळीची लाइट येते तेव्हा कोणी विहिरीवर जात नाही. प्रत्येकाने ऑटोस्विच बसवलेला. लाइट आली की सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात आणि सुरू होताना कितीतरी पट प्रवाह ओढतात. फ्यूज उडतो. मग कोणीतरी त्यात जाड तार भरतं, म्हणजे ‘परत जायला नको’. त्या क्षणापासून फ्यूजच्या जागी खुद्द डीपीच वितळायला मोकळी. आतल्या वेटोळ्यांच्या तारेवरचा कागद तापून ठिसूळ होतो, फेरे एकमेकांना चिकटतात. मग वर्गणी, ट्रॅक्टर, तालुक्याच्या खेपा, आणि पीक माना टाकतं.

म्हणजे बुडापेस्टच्या तिघांनी सोडवलेलं भांडण आमच्या बांधावर वेगळ्या वाटेने परत आलंच. जोडणी समांतर आहे, पण पेटी सामाईक. एकाचा हावरटपणा सगळ्यांच्या पाटाला नडतो. महावितरणने 2018 मध्ये कृषिपंपांसाठी आणलेली उच्चदाब वितरण प्रणाली याच दुखण्यावरची आहे. 11 हजार व्होल्टची तार थेट विहिरीपर्यंत न्यायची आणि तिथे एक-दोन शेतकऱ्यांपुरती 10, 16 किंवा 25 केव्हीएची छोटी पेटी बसवायची. लघुदाबाची लांबण संपते आणि 11 हजारांच्या तारेवर आकडा टाकायची कोणाची छाती होत नाही. खर्च अर्थातच जास्त, आणि तेल-तांब्याच्या चोरांपासून राखायच्या पेट्याही वाढतात. पण पेटी जळालीच, तर कोणी जाळली हे विचारायला एकच शेजारी उरतो.