ढगातल्या पायऱ्या

आषाढात छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर कधी ढग इतके खाली येतात, की विमानाचा आवाज आधी ऐकू येतो आणि दिवे नंतर दिसतात. जालना रोडवरून जाताना अशा वेळी माझी नजर हटकून वर जाते. आतल्या वैमानिकाला त्या क्षणी ना देवगिरी दिसत असतो, ना शहर. समोर असतात उपकरणं आणि एक नकाशा: किती अंतरावर किती उंची, कुठे वळायचं, धावपट्टी दिसलीच नाही तर पुन्हा वर कसं जायचं.

हा नकाशा सगळीकडे सारखा सोपा नसतो. आयएलएस यंत्रणा असेल तर जमिनीवरचे रेडिओ संकेत साधारण 3 अंशांचा अदृश्य उतार आखून देतात. विमान त्यावरून जरा सरकलं तरी एका नजरेत कळतं. ती नसेल तर जुन्या पद्धतीत जिना उतरल्यासारखं उतरायचं. प्रत्येक पायरीला अंतर बघा, उंची ताडून पाहा, वेग सांभाळा. त्यातच चाकं सोडा, पंखांचे फ्लॅप उघडा, हवाई नियंत्रण कक्षाला उत्तर द्या. माणसाच्या डोक्यात एका वेळी जेमतेम चार-पाच गोष्टी टिकतात. ऐनवेळी मार्ग बदलला, तर मनात मांडलेलं सगळं पुसून नव्याने मांडावं लागतं.

20 जानेवारी 1992 च्या संध्याकाळी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गजवळ हेच घडलं. एअरबस ए-320 च्या वैमानिकांनी आयएलएसची तयारी केली होती, पण शेवटी पायऱ्यांच्या मार्गाने यावं लागलं. उतार हवा होता 3.3 अंशांचा. मात्र कोन आणि उतरण्याचा वेग एकाच बटणाने लागत. कोणता मोड चालू आहे एवढाच फरक. कोनासाठी पडद्यावर 3.3 दिसे, वेगासाठी 33, म्हणजे मिनिटाला 3300 फूट! विमान हवं त्याच्या जवळपास चौपट वेगाने खाली आलं आणि डोंगरावर आदळलं. 87 माणसं गेली. चौकशीत मोडची ही गफलत सर्वांत संभाव्य कारण मानली गेली. पुढे एअरबसने वेगाचा आकडा पूर्ण चार अंकी केला.

याला नुसती ‘पायलटची चूक’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. आता पायऱ्यांऐवजी एकसंध उताराने उतरण्यावर भर आहे. आपली उपग्रहाधारित ‘गगन’ प्रणाली तर असा उतार जमिनीवर आयएलएस न उभारताही दाखवते. एप्रिल 2022 मध्ये राजस्थानातल्या किशनगढला एटीआर हे छोटं प्रवासी विमान तिच्या आधारे उतरलं. लातूरसारख्या छोट्या विमानतळांचा विचार करताना मला याचंच अप्रूप वाटतं.