जांभळे की गुलाबी, ते डिकलरायझरवर ठरते
ग्रॅम स्टेन किट वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

नाशिकमधल्या पॅथॉलॉजी लॅब, कॉलेजे, डेअऱ्या आणि वायनरी आमच्याकडून ग्रॅम स्टेनचे किट नेतात. ही जिवाणू रंगवून त्यांचे दोन प्रकार ओळखण्याची पद्धत: ग्रॅम पॉझिटिव्ह जांभळे दिसतात, ग्रॅम निगेटिव्ह गुलाबी. क्रिस्टल व्हायोलेट (जांभळा रंग), आयोडीन आणि सॅफ्रानिन (गुलाबी रंग) थोडे जास्त वेळ राहिले तरी सहसा बिघडत नाही. डिकलरायझरला, म्हणजे रंग धुऊन काढणाऱ्या द्रावणाला, मात्र ती सूट नाही. चुकीचा निकाल बहुतेक वेळा तिथेच तयार होतो, म्हणून हे पत्रक मुख्यतः त्याच बाटलीविषयी आहे.

डॅनिश डॉक्टर हान्स क्रिश्चन ग्रॅम यांनी १८८४ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. क्रिस्टल व्हायोलेट आणि आयोडीन यांचे पेशीच्या आत मोठे संयुग बनते, तोवर दोन्ही प्रकारचे जिवाणू जांभळेच असतात. डिकलरायझरमधले अल्कोहोल लागले की फरक उघड होतो. ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूची भिंत पेप्टिडोग्लायकन या जाळीदार पदार्थाच्या अनेक थरांची. तिच्यातले पाणी जाऊन ती आवळते आणि रंग आत अडकतो. ग्रॅम निगेटिव्हमध्ये हा थर पातळ, शिवाय बाहेरचे मेदयुक्त आवरण अल्कोहोलने फाटते आणि रंग वाहून जातो. मग सॅफ्रानिनने तो जिवाणू गुलाबी होतो.

अल्कोहोल जास्त वेळ राहिले तर पॉझिटिव्हही गुलाबी दिसतील, कमी राहिले तर निगेटिव्ह जांभळे. आमचा डिकलरायझर अ‍ॅसिटोन-अल्कोहोलचा, म्हणजे झपाट्याने काम करणारा आहे. स्लाइड तिरकी धरून थेंब थेंब सोडा आणि ओघळ रंगहीन झाला की त्याच क्षणी पाण्याखाली धरा. स्मिअर, म्हणजे स्लाइडवर पसरलेला नमुना, पातळच हवा. जाड थरात रंग सारखा निघत नाही. कल्चर (वाढवलेले जिवाणू) १८ ते २४ तासांचे घ्या, कारण जुन्या पेशींची भिंत कमजोर होऊन पॉझिटिव्ह जिवाणूही रंग सोडतात. आणि प्रत्येक बॅचसोबत स्टॅफिलोकॉकस ऑरियस (पॉझिटिव्ह) व ई. कोलाय (निगेटिव्ह) यांची कंट्रोल स्लाइड, म्हणजे पडताळणीची स्लाइड, करा. वेळ नाही म्हणून ती टाळू नका, ही आमची कळकळीची विनंती.

गंगापूर-दिंडोरीकडच्या वायनरींना या स्टेनचा विशेष उपयोग आहे. वाइन आंबट होऊ लागली आणि स्लाइडवर गुलाबी दांडके दिसले, तर अ‍ॅसिटोबॅक्टर या वाइन आंबवणाऱ्या जिवाणूची शंका घ्या. त्याला हवा लागते, तेव्हा आधी टाकीतली रिकामी जागा तपासा. जांभळे दांडके लॅक्टोबॅसिलसचे असू शकतात. यीस्टही जांभळेच दिसते, पण आकाराने कितीतरी मोठे.

क्षयाच्या जिवाणूसाठी हे किट वापरू नका. त्याच्या भिंतीतल्या मायकोलिक आम्लामुळे साधा रंग आत नीट शिरत नाही. त्यासाठी झील-नील्सन किट वेगळे मिळते: त्यातला कार्बोल फुक्सिन हा लाल रंग वाफ येईपर्यंत तापवायचा, उकळू द्यायचे नाही.

एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात डिकलरायझरचे झाकण घट्ट लावा आणि बाटली स्पिरिटच्या दिव्यापासून लांब ठेवा. क्रिस्टल व्हायोलेटमध्ये कण दिसले तर फिल्टर पेपरमधून गाळून घ्या. ते कण स्लाइडवर थेट जांभळ्या कॉकायसारखे (गोल जिवाणूंसारखे) दिसतात.