‘मी’चा झेड आणि ‘तू’चा एक्स

मोर्स ही तारेने संदेश पाठवण्याची लिपी. आखूड आवाज म्हणजे ठिपका, लांब आवाज म्हणजे रेघ, आणि त्यांच्या जुळणीतून एकेक इंग्रजी अक्षर. मोर्समध्ये एम म्हणजे दोन रेघा आणि आय म्हणजे दोन ठिपके. त्यामुळे रोमन अक्षरांत लिहिलेला आपला ‘मी’ असा दिसतो: – –   · ·. आता मधली जागा जरा आवळून पाहा. दोन रेघा आणि दोन ठिपके सलग आले की तो होतो झेड. ‘तू’चीही तीच गत. टीची एक रेघ, मग यूचे दोन ठिपके आणि रेघ. मधली जागा गेली की उरतो एक्स. ‘ती’चा डी होतो, ‘ते’चा एन. ‘तो’ तेवढा बचावतो, कारण सलग चार रेघा इंग्रजीच्या २६ अक्षरांपैकी कुणाच्याच वाट्याला आलेल्या नाहीत.

मजकुराचं मोर्स करायला तक्ता पुरतो. अक्षर शोधा, खूण लिहा, पुढे चला. पाढे येणाऱ्या कुणालाही जमेल. अवघड असतो परतीचा प्रवास. ‘– · · ·’ एवढंच कानावर आलं, तर तो बी असेल, किंवा डी आणि ई, एन आणि आय, टी आणि एस. तुकडे पाडण्याच्या एकूण आठ तऱ्हा आहेत आणि प्रत्येक तुकडा हे एक वैध अक्षर आहे. मोर्स दोनच चिन्हांवर चालतं असं आपण सर्रास म्हणतो, पण ते काही खरं नाही. शांतता हे त्यातलं तिसरं चिन्ह आहे, आणि तिचेही तीन प्रकार आहेत.

वृत्तांच्या भाषेत सांगायचं तर ठिपका एका मात्रेचा. रेघ मात्र आपल्या गुरूसारखी दोन मात्रांची नसून तीन मात्रांची असते. अक्षराच्या पोटातल्या दोन खुणांमध्ये एक मात्रा थांबायचं, दोन अक्षरांमध्ये तीन, दोन शब्दांमध्ये सात. वेग मोजायला ‘पॅरिस’ हा शब्द प्रमाण धरतात. इंग्रजी स्पेलिंगने तो पाठवला, तर पुढच्या शब्दाआधीच्या थांब्यासह बरोबर ५० मात्रा होतात. त्यातल्या आवाजाच्या फक्त २२. उरलेल्या २८ मात्रा शांतता. मिनिटाला २० शब्दांचा वेग असेल, तर एक मात्रा ६० मिलिसेकंदांची. याच हिशेबाने ‘पुणे’ ४० मात्रांत उरकतं आणि ‘मुंबई’ला ६० लागतात. पुणेकरांनी यातून काय निष्कर्ष काढायचा तो काढावा.

सगळ्यात लहान खुणा ई आणि टी यांना मिळाल्या, कारण इंग्रजीत ही अक्षरं सर्वांत जास्त वापरली जातात. सॅम्युएल मोर्सची मूळ कल्पना शब्दांना क्रमांक देऊन कोशातून ते शोधण्याची होती. अक्षरांची लिपी घडवताना त्याचा सहकारी आल्फ्रेड व्हेल याने छापखान्यात जाऊन कोणत्या अक्षराचे किती खिळे ठेवले आहेत ते पाहिलं, असं सांगतात. २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला पहिला जाहीर संदेश गेला तो याच जुन्या लिपीत. मात्र तीत एक भलतीच खोड होती. काही अक्षरांच्या पोटातच जादा थांबा असे. आय म्हणजे दोन ठिपके. आणि ओ म्हणजेही दोन ठिपकेच, फक्त मध्ये किंचित जास्त थांबायचं. अजून थोडं थांबलात की ते दोन ई! एवढा फरक कानाने टिपणाऱ्या तारमास्तरांना हात जोडावेत. १८४८ मध्ये जर्मनीत फ्रीडरिश गेर्के याने हे पोटातले थांबे काढून टाकले. आजचं आंतरराष्ट्रीय मोर्स बहुतांशी त्याचंच आहे, नाव तेवढं मोर्सचं राहिलं. ओच्या वाट्याला मात्र तीन रेघा आल्या. इतकं वापरातलं अक्षर आणि ११ मात्रा, हा सौदा काही फायद्याचा नव्हे.

माणसाने हाताने बडवलेलं मोर्स संगणकाला वाचायचं असेल, तर त्याला आधी मात्रा किती मोठी हे ओळखावं लागतं. तो प्रत्येक आवाजाची आणि प्रत्येक शांततेची लांबी मोजतो. आवाजांचे दोन गट पडतात, आखूड आणि लांब. शांततेचे तीन पडायला हवेत, आणि घोळ तिथेच होतो. पाठवणारा दमला की थांबे ताणले जातात, घाईत आला की आकसतात. म्हणून चांगला प्रोग्रॅम मात्रेचा अंदाज सतत सुधारत राहतो, तबलजी गायकाची लय पकडत जातो तसा. मुरलेला ऑपरेटर तर खुणा मोजतच नाही. अख्ख्या अक्षराचा ठेका त्याच्या कानात बसलेला असतो. शिकणाऱ्यांना अक्षरं पहिल्यापासून वेगाने ऐकवतात आणि अक्षरांमधले थांबे तेवढे लांबवतात, ते याचसाठी.

मराठीची अडचण याच्याही आधी सुरू होते. मजकूर रोमनमध्ये उतरवतानाच मला, मळा, माला आणि माळा यांची एकच चार अक्षरं होतात. मग मोर्स कितीही बिनचूक पाठवा. पलीकडच्याने मळा वाचायचा की माळा, हे पुढच्या-मागच्या शब्दांवर सोडावं लागतं. ‘ध’ चा ‘मा’ करायला इथे कुणी आनंदीबाई लागत नाही.

एक संदेश मात्र मुद्दाम मधले थांबे गाळूनच पाठवतात, तो म्हणजे एसओएस. तीन ठिपके, तीन रेघा, तीन ठिपके, सगळं एका दमात. १९०६ च्या बर्लिन परिषदेत ही संकटाची आंतरराष्ट्रीय खूण ठरली ती नऊ खुणांची एक सलग माळ म्हणून. ‘आमचे जीव वाचवा’ अशा अर्थाचा त्याचा इंग्रजी विस्तार लोकांनी मागाहून जोडला. तुकडे पाडायचेच म्हटलं तर त्याच माळेतून व्ही, टी, बी निघतात. आय, जे, एस सुद्धा निघतात.